सायकल तुमची, पण सेटिंग कुणाचं?

(आमच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलमध्ये चढल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं ज्यांच्या लक्षात येतं, खास त्यांच्यासाठी. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज सायकलबद्दल बोलायचंय. म्हणजे माउंटन बाइकच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल. विषय ऐकून काही जण म्हणतील, हे स्पर्धावाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय. मीही असंच म्हणायचो. गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत.

तर झालं असं. मी पनवेलचा. रविवारी सकाळी उजाडायच्या आत निघायचं, सुकापूर, नेरे करत गाढेश्वरच्या बाजूला जायचं, हा आमचा नेहमीचा रस्ता. एका बाजूला प्रबळगड, समोर माथेरानचा डोंगर. डांबर सोडलं की मुरमाचे, दगडगोट्यांचे कच्चे रस्ते लागतात. खरी मजा तिथंच.

त्या रविवारी माझा मामेभाऊ सोबत होता. बारावीला होता तो तेव्हा, फेब्रुवारीत परीक्षा. अभ्यासानं डोकं पिकलंय म्हणाला, म्हणून मीच त्याला चल म्हटलं. त्याच्याकडे साधी गिअरची सायकल. माझ्याकडे हवेच्या फोर्कची, नवीन घेतलेली, अगदी जपून वापरलेली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "दादा, उतारावर एकदा मला दे ना." मी दिली. सीट खाली केली, ब्रेक दाबून बघितले, हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. मला वाटलं, झाली काळजी घेऊन.

मी मागून येत होतो, म्हणून मला सगळं दिसलं. दगडांचा पट्टा लागला आणि पुढचं चाक उड्या मारायला लागलं. एका दगडावरून उडायचं ते दुसऱ्यावर आपटायचं, तिथून वाकडं उडायचं. चाक जमिनीवर कमी, हवेत जास्त. तो काही फार वेगात नव्हता हो. पण चाक जमिनीला टेकतच नसेल तर ब्रेक लागणार कुठे आणि वळणार काय? तो हात पुढे करून पडला. उजव्या मनगटाजवळ हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मग बोर्डाची परवानगी काढा, लेखनिक शोधा, ही सगळी धावपळ. फिजिक्सचा पेपर तोंडानं सांगून लिहून घ्यायचा म्हणजे काय असतं, विचार करा. तो मला एका शब्दानं बोलला नाही. मामी बोलली. एकच वाक्य बोलली, "तू मोठा ना रे? मग बघायला नको होतं?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, मामी, बघितलं होतं मी. सगळं बघितलं होतं. एक गोष्ट सोडून. आणि ती एक गोष्ट मला सायकलवाल्यानं नाही, मोटारसायकलच्या मेकॅनिकनं दाखवली.

आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक काका आहेत. बाइक सर्व्हिसिंगला नेली होती, बोलता बोलता हा किस्सा सांगितला. काकांनी विचारलं, "तुझं वजन किती?" म्हटलं, चौऱ्याऐंशी. "आणि पोराचं?" म्हटलं, बावन्न असेल. काका हसले नाहीत. कोपऱ्यात एका दूधवाल्याची गाडी उभी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचे मागचे शॉकअप शेवटच्या खाच्यावर आहेत. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असतात तेव्हा ही गाडी कशी पालखीसारखी चालते. आता रिकामी आहे. जा, पुढच्या गतिरोधकापर्यंत चक्कर मारून ये."

मी गेलो. गतिरोधकावर गाडीनं मला सीटवरून अक्षरशः उचलून टाकलं.

परत आलो तर काका म्हणाले, "शॉकअप खराब नाही. तो कॅनसाठी लावलाय, तुझ्यासाठी नाही."

बास. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माझ्या भावाला चौऱ्याऐंशी किलोची सायकल दिली होती. बत्तीस किलोंचा फरक. सायकल चांगली होती, महाग होती, पण ती त्याच्यासाठी लावलेली नव्हती. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. सस्पेन्शन चांगलं की वाईट हा नंतरचा प्रश्न. ते कुणाच्या वजनाला लावलंय, हा पहिला.

आता थोडं आत शिरू. सस्पेन्शनमध्ये मुख्य कामं दोन. एक, वजन पेलणं. ते स्प्रिंग करते. स्प्रिंग लोखंडाची असेल नाहीतर नळीत कोंडलेल्या हवेची असेल. दुसरं काम, स्प्रिंगच्या हालचालीचा वेग आवरणं. ते तेल करतं, बारीक भोकांतून जाता जाता. बँकेचं काचेचं दार आठवा. सोडलं की हळूहळू बंद होतं, कारण त्याच्या यंत्रात स्प्रिंगसोबत तेल असतं. तेल संपलं की तेच दार धाडकन आपटतं. सायकलचंही तसंच. स्प्रिंग दाबली गेली की तिला परत उसळायचंच असतं. तेलानं तिला आवरलं नाही, तर ती तुम्हाला उसळवणार.

ही सगळी विद्या सायकलीत आली तीही मोटारसायकलींकडूनच. अमेरिकेत पॉल टर्नर नावाचा माणूस, मोटोक्रॉसच्या दुनियेतून आलेला. त्यानं रॉकशॉक्स कंपनी काढली आणि १९८९ मध्ये आरएस-१ नावाचा फोर्क बाजारात आणला. त्याची हालचाल जेमतेम ४८ मिलिमीटर. लोकांना वाटलं, हे काय नखरे! पण १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनं रॉकशॉक्सचा फोर्क लावून जिंकली. मग नखरे म्हणणारे गप्प बसले. म्हणजे बघा, मी योग्य प्रश्न घेऊन योग्य गॅरेजमध्येच उभा होतो.

चला, आता कामाचं बोलू. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

पहिलं, टायरची हवा. हो, सस्पेन्शनच्या भागात टायर. कारण तुमचं पहिलं सस्पेन्शन टायरच आहे. डनलॉप हे नाव ऐकलंय ना? बेलफास्टचा तो जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून त्यानं हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपण मात्र पंक्चरवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "टाइट भरा." तो अंगठ्यानं दाबून दगड होईपर्यंत भरतो. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असा सल्ला नसतो. साठ-पासष्ट किलोंचा माणूस, सव्वादोन इंचाच्या आतबाहेरचा टायर, आत ट्यूब, तर कच्च्या रस्त्याला ३० ते ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात, सापानं डसल्यासारखी. तेव्हा एकदम खाली जाऊ नका. दोन-दोननं कमी करत बघा. स्वस्तात स्वस्त सुधारणा ही. फुकट.

दुसरं, तुमचा फोर्क कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. डाव्या पायाच्या वर टोपण असेल, ते काढल्यावर मोटारीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह दिसला, तर बहुतेक हवेचा. फिरवायचं बटण असेल आणि त्यावर अधिक-उणे लिहिलं असेल, तर लोखंडी स्प्रिंगचा. आपल्याकडे सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक सायकलींना हाच असतो. आता या अधिक-उण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ते अधिककडे फिरवलं म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे तुम्ही बसल्यावर सायकल कमी दबते, एवढंच. तुमचं वजन फारच कमी किंवा फारच जास्त असेल, तर त्या बटणाची धाव पुरत नाही. स्प्रिंगच बदलावी लागते, आणि स्वस्त फोर्कसाठी ती बऱ्याचदा मिळत नाही. मग काय करायचं? टायरची हवा नीट लावायची, शक्य असेल तर जरा रुंद टायर टाकायचा, आणि वेग आपल्या फोर्कच्या लायकीचा ठेवायचा. यात कमीपणा नाही.

तिसरं, सर्वांत महत्त्वाचं. सॅग. म्हणजे तुम्ही सायकलवर नुसते उभे राहिलात की फोर्क किती दबतो. तुम्ही म्हणाल, दबायला कशाला हवा? अहो, चाक खड्ड्यात उतरायला जागा नको का? आधीच थोडा दबलेला असेल तरच तो खाली पसरून जमीन धरून ठेवणार. साधारण हिशोब असा. फोर्कची हालचाल १०० मिलिमीटर असेल, तर वीसच्या आसपास सॅग ठेवून सुरुवात करा. चढ आणि वेग आवडत असेल तर पंधरा, दगडधोंडे आवडत असतील तर पंचवीस.

मोजायचं कसं? एका मित्राला बोलवा, सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं. अंगावर सगळं चढवा. हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग. बॅगेत दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, विसरू नका. लॉकआउट उघडा. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबरी रिंग असेल तर ठीक, नसेल तर बारीक प्लास्टिकचा टाय सैलसर बांधा, ओरखडा पडणार नाही असा. मित्रानं सायकल धरायची. तुम्ही पेडलवर उभं राहायचं, उतारावर राहतो तसं कोपर आणि गुडघे वाकवून. दोनदा जोर देऊन दाबा, मग स्थिर व्हा. मित्रानं रिंग खाली सरकवून नळीच्या तळाशी टेकवायची. मग अलगद उतरा. उतरताना दाबलंत तर मोजमाप गेलं. आता रिंग किती वर आलीय ते पट्टीनं मोजा. जास्त दबत असेल तर हवा वाढवा, कमी दबत असेल तर काढा, पाच-पाच पीएसआयनं. प्रत्येक वेळी फोर्क आठ-दहा वेळा दाबून सोडा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतली हवा बरोबरीत येते. मग परत मोजा.

इथं दोन धोक्याच्या सूचना. एक, हवेच्या फोर्कला शॉक पंप लागतो, त्याचाच छोटा पंप असतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नाही, पेट्रोल पंपावरची हवा नाही. आतली जागा एवढीशी असते की सेकंदात आकडा कुठल्या कुठे जातो. दोन, शॉक पंप काढताना फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा, फोर्कमधल्या नाही. आणि परत लावून बघितलं की आकडा कमी दिसतो, कारण थोडी हवा नळीत शिरते. घाबरून पुन्हा पुन्हा भरत बसू नका. मी बसलोय, म्हणून सांगतो.

चौथं, रिबाउंड. म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत येतो. सहसा उजव्या पायाच्या तळाशी लाल रंगाचं बटण असतं. बऱ्याच फोर्कवर एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला ससा. गोष्टीत कासव जिंकतं, इथं नेहमी जिंकत नाही. फार ससा ठेवलात तर चाक उड्या मारतं. फार कासव ठेवलंत तर एका दगडावर दबलेला फोर्क परत यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि फोर्क दबत दबत लाकडासारखा होऊन बसतो. हात बधिर व्हायला लागले, तर एक संशयित हाही धरा.

बटण पूर्ण कासवाकडे फिरवा. मग सशाकडे शेवटपर्यंत फिरवत किती टक-टक होतात ते मोजा. निम्म्यावर आणून ठेवा. सायकलशेजारी उभं राहून हँडल जोरात दाबा आणि पटकन हात सैल सोडा. पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, तर एक टक कासवाकडे. उगाच सुस्तपणे वर येतंय असं वाटलं, तर एक टक सशाकडे. मग फूटपाथच्या कडेवरून हळू वेगात खाली उतरून बघा. फोर्क दबला, वर आला आणि तिथंच थांबला, तर छान. वर आल्यावर पुन्हा डुलला, तर अजून फार वेगवान आहे.

आणि हे नीट ऐका. हवा बदलली की रिबाउंडही बदलावा लागतो. हवा जास्त म्हणजे उसळी जास्त, तिला आवरायला कासव जास्त. माझ्या फोर्कमध्ये तेव्हा १०५ पीएसआय हवा होती, आणि रिबाउंड मला चपळ आवडतो म्हणून सशाकडे झुकलेला. माझं वजन वरून दाबून होतं म्हणून मला ते चालायचं. भावाचं बावन्न किलो त्या हवेला दाबूच शकत नव्हतं, आणि जे थोडं दबायचं ते त्याच्या हातांवर उसळून यायचं. टायर मी टाइट भरलेले, ते वेगळंच. तो पडला नसता तरच नवल.

पाचवं, लॉकआउट. चढावर किंवा डांबरावर फोर्क बंद करायचा ते बटण. वापरा, पण उतार लागायच्या आधी उघडा. मी हँडलवर इन्सुलेशन टेपचा लाल तुकडा लावलाय. दिसला की आठवतं.

सहावं, फिरून आल्यावर रिंग बघा. नेहमीच्या रस्त्यावर सर्वांत मोठ्या दणक्याला फोर्कची जवळजवळ सगळी हालचाल वापरली गेली पाहिजे, पाच-दहा मिलिमीटर शिल्लक. अर्धीच वापरली जात असेल, तर तुम्ही शंभर मिलिमीटरचे पैसे भरून पन्नासच वापरताय. आणि ठक्क असा आवाज येऊन तळाला लागत असेल, तर हवा थोडी वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि फोनमध्ये लिहून ठेवा. तारीख, रस्ता, टायरची हवा, फोर्कची हवा, किती टक. नाहीतर महिन्यानं, "मागं काय मस्त लागलं होतं यार," एवढंच आठवतं.

आता आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर चिखल फोर्कच्या रबरी सीलवर बसतो आणि वाळला की सँडपेपरचं काम करतो. घरी आल्यावर ओल्या मऊ फडक्यानं नळ्या पुसा. प्रेशरचं पाणी सीलवर थेट मारू नका. चेनचं तेल नळीवर ओतू नका, धूळ चिकटते. खालच्या भागातलं तेल आणि सील साधारण ५० तासांच्या वापरानंतर बघून घ्यावेत, असं काही मोठ्या कंपन्यांची मॅन्युअल्स सांगतात. रविवारी तीन तास चालवणाऱ्याला ते साधारण चार महिन्यांत येतात. नळीवरून तेल गळताना दिसलं, किंवा नखाला लागेल असा ओरखडा दिसला, तर बटणं फिरवत बसू नका, दुरुस्तीला न्या. आणि पावसात गाढेश्वरला बंदीचा आदेश असेल तर तिकडे जायचं नाही. कर्नाळ्याच्या अभयारण्यातल्या पायवाटांवरही सायकल घालायची नाही. तिथं आपण पाहुणे.

या भागाआधी एका श्रोत्यानं विचारलं होतं, फोर्क फार दणके देतोय, नवीन घेऊ का? मित्रा, आधी एक रविवार दे. एक पट्टी, एक प्लास्टिकचा टाय, एक मित्र. एवढं करूनही दणके राहिले, तर खुशाल नवीन घे. पण नवीन घेतलास तरी हेच सगळं करावं लागणार आहे. दुकानातून येताना फोर्कला तुझं वजन माहीत नसतं.

शेवटी भावाचं सांगतो. पास झाला. त्याला हवे होते तेवढे मार्क नाही पडले, ते मी इथं लपवत नाही. या दिवाळीला तो आला होता. मीच विचारलं, येतोस का? मामी आतून बघत होती. म्हटलं, थांब. आधी तुला सायकलवर उभा करतो. पार्किंगमध्ये तासभर बसलो. आता त्याचं वजन छप्पन. हवा काढत काढत ६५ वर आलो, सॅग एकवीस मिलिमीटर. हवा कमी झाल्यावर रिबाउंड चार टक सशाकडे. टायर माझ्यापेक्षा बरेच मऊ. मग गेलो त्याच रस्त्यानं, त्याच दगडांपाशी. तो थांबला, मला म्हणाला, "दादा, तू पुढे हो." मी खाली जाऊन उभा राहिलो. तो आला. सावकाश, पण आला. चाक जमिनीवरच होतं.

घरी आल्यावर त्यानं डॉक्टरच्या पट्टीसारखी पांढरी टेप फोर्कवर चिकटवली आणि त्यावर पेनानं दोन ओळी लिहिल्या. एका ओळीत माझं वजन आणि हवा, दुसऱ्या ओळीत त्याचं. त्यानंतर माझी सायकल कुणालाही दिली, तरी मी आधी वजन विचारतो. लोक हसतात. हसू देत.

तर मंडळी, या रविवारी सॅग मोजा. किती निघाला ते सांगा, आणि तुमच्या भावंडाला, मित्राला सायकल द्यायच्या आधी हा भाग त्याच्यासोबत ऐका. पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, हेल्मेट घाला. भेटूच.